परसातले ट्रॅक्टर

ट्रॅक्टर म्हटले की मराठी वाचकासमोर उसाच्या दोन ट्रॉल्या मागे बांधून धूर सोडत जाणारे धूड उभे राहते. पुढच्या पानांत भेटणारे ट्रॅक्टर त्याच्या मागच्या चाकाएवढेही उंच नाहीत. सात-आठ अश्वशक्तीपासून फार तर अठरा-वीस अश्वशक्तीपर्यंतचे इंजिन, बहुतेक वेळा एकाच सिलिंडरचे. मागे दोन जाड टायर, पुढे दोन लहान. पोटाखाली गवत कापण्याचा डेक. अमेरिकेत यांना गार्डन ट्रॅक्टर म्हणतात. उन्हाळ्यात गवत कापायचे, हिवाळ्यात दारातला बर्फ ढकलायचा, वसंतात भाजीपाल्यापुरती जमीन एका फाळाने नांगरायची, ही त्यांची कामे. १९५०च्या दशकाच्या अखेरीपासून १९८०च्या दशकापर्यंत त्यांची चलती होती. ते बनवणाऱ्या कंपन्यांपैकी बऱ्याच आज उरलेल्या नाहीत, काही दुसऱ्याच कोणाच्या मालकीच्या आहेत, आणि तरी या यंत्रांना मालक आहेत. नुसते मालक नव्हेत, तर आपलाच ट्रॅक्टर सगळ्यांत चांगला हे तासभर पटवून देऊ शकणारे मालक. या प्रेमाचे कारण सहसा एका शब्दात उरकले जाते: आठवणी. वडिलांचा ट्रॅक्टर होता, आजोबांच्या मांडीवर बसून चालवला होता, म्हणून जीव जडला. हे खोटे नाही, पण अपुरे आहे. माझ्या मते ही आवड मुळात पारख आहे. जे यंत्र मालकाला स्वतः उघडता येते, उघडल्यावर समजते आणि समजल्यावर दुरुस्त होते, त्याच्यावर या माणसांचा जीव आहे. आठवणींचा थर त्यावर नंतर चढतो.

हे पटण्यासाठी आधी ही यंत्रे अशी का झाली ते पाहायला हवे. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन कुटुंबे शहराबाहेर राहायला गेली हे सर्वांना ठाऊक आहे. पण लेव्हिटाउनसारख्या वसाहतींत घराचा तुकडा जेमतेम साठ बाय शंभर फुटांचा असे. तिथे हाताने ढकलायचे यंत्र पुरे. गार्डन ट्रॅक्टरचा गिऱ्हाईक त्याच्याही पलीकडे राहत होता. एक, दोन, पाच एकर जागा, नोकरी कारखान्यात किंवा कचेरीत, आणि घरामागे मका-टोमॅटो लावण्याची हौस. हा माणूस बहुधा शेतकऱ्याचा मुलगा होता, आणि त्याच्यासाठी यंत्र बनवायला पुढे आल्या त्यांत शेतीची अवजारे बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या होत्या. त्यांना हलके आणि स्वस्त बनवण्याची सवयच नव्हती. इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनी केंटकी राज्यातल्या लुईव्हिल इथे १९४७पासून फार्मॉल कब हा लहान शेतीट्रॅक्टर बनवत होती. १९६०मध्ये त्याच कारखान्यातून कब कॅडेट निघाला तेव्हा त्याच्या मागच्या गिअरबॉक्सची घडण थोरल्या भावाकडूनच आलेली होती. सात अश्वशक्तीच्या इंजिनामागे शेतीट्रॅक्टरच्या वळणाचे गिअर, तेही बिडाच्या पेटीत. गवत कापायला याची गरज नव्हती. पण कंपनीला दुसरे काही येत नव्हते असे म्हटले तरी चालेल, आणि त्याचा फायदा गिऱ्हाइकाला मिळाला. १९६३पर्यंत हे पहिले मॉडेल सुमारे ६५ हजार खपले. त्याच वर्षी जॉन डियरने विस्कॉन्सिनमधल्या होरिकॉनच्या कारखान्यातून ११० क्रमांकाचा ट्रॅक्टर काढला. अ‍ॅलिस-चामर्सने स्वतः न बनवता पोर्ट वॉशिंग्टनच्या सिम्प्लिसिटी कंपनीकडून १९६१मध्ये बी-१ बनवून घेतला आणि १९६५मध्ये ती कंपनीच विकत घेतली. केस कंपनीने १९६४मध्ये विनेकॉनची कोल्ट कंपनी घेतली. म्हणजे चार-पाच वर्षांत शेतीयंत्रांची बरीच मोठी नावे या परसात उतरली.

नकाशा पाहिला तर आणखी एक गोष्ट लक्षात येते. होरिकॉन, पोर्ट वॉशिंग्टन, विनेकॉन, पॉवर किंग बनवणारे वॉकेशॉ, अ‍ॅलिस-चामर्स आणि ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन यांचे मिलवॉकी, आणि कोहलर कंपनीच्या नावाचेच गाव कोहलर, ही सगळी ठिकाणे एका विस्कॉन्सिन राज्यात आहेत. ज्यांच्या गिऱ्हाइकाच्या घरासमोर दर हिवाळ्यात कंबरभर बर्फ साचतो त्यांनीच ही यंत्रे आखली. बर्फ ढकलायला वजन लागते, मागच्या चाकांना पकड लागते, पुढे लावलेल्या पात्याचा धक्का सोसणारी चौकट लागते. पत्र्याची चौकट तिथे एका हिवाळ्यात वाकडी होते. गार्डन ट्रॅक्टर आणि नुसते बसून गवत कापायचे यंत्र यांतला फरक इथे आहे: पहिल्याने जमिनीत अवजार घालून ओढायचे असते, दुसऱ्याने जमिनीच्या वरूनच फिरायचे असते. आज दुकानात हिरव्या, लाल, पिवळ्या रंगाची जी यंत्रे रांगेत उभी दिसतात त्यांतली बहुसंख्य दुसऱ्या जातीची आहेत, आणि जुन्यांशी त्यांची तुलना करताना हा फरक विसरला की वाद भरकटतो.

आता यंत्राच्या आत. या सगळ्या कंपन्या एकमेकींच्या स्पर्धक, पण बॉनेट उघडले तर खाली पुष्कळदा एकच इंजिन निघते: कोहलरचे के मालिकेतले. के १६१ सात अश्वशक्तीचे, के १८१ आठ, के २४१ दहा, के ३०१ बारा, के ३२१ चौदा, के ३४१ सोळा. कब कॅडेटमध्ये हेच, जॉन डियर ११०मध्ये हेच, व्हील हॉर्समध्ये हेच, केसमध्येही हेच. व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला असलेली जुनी साधी रचना, आणि बिडाचा ब्लॉक. बिडाचा ब्लॉक म्हणजे काय, तर सिलिंडर झिजला की तो फेकायचा नाही; लेथवाल्याकडे नेऊन दहा थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), वीस थाऊ, तीस थाऊ बोअर करायचा आणि त्या मापाचा ओव्हरसाइज पिस्टन बसवायचा. एकच इंजिन असे तीनदा नवे होते. ठिणगी पाडणारे पॉइंट पाहा. त्या काळच्या अनेक लहान इंजिनांत पॉइंट फ्लायव्हीलच्या आत दडलेले असत. ते पाहायचे तर आधी फ्लायव्हील उपटावे लागे, आणि त्यासाठी पुलर हवा. कोहलरने ते ब्लॉकच्या बाहेर, एका छोट्या झाकणाखाली ठेवले. आतल्या कॅमशाफ्टवरून बोटाएवढी एक काडी येऊन ते उघडते-मिटते. दोन स्क्रू काढले की झाकण हातात येते. फिलर गेजचे वीस थाऊचे पान फटीत सरकवायचे, ते किंचित अडत सरकले की अंतर बरोबर. आणखी काटेकोर व्हायचे असेल तर फ्लायव्हीलवर ‘एस’ अशी खूण आहे. ती खिडकीत येते त्याच क्षणी पॉइंट उघडायला हवेत. एवढे करायला संध्याकाळचा अर्धा तास लागतो, आणि ते केल्यावर काल हाताला चटका बसेपर्यंत स्टार्टर मारूनही न उठणारे इंजिन पहिल्या फेऱ्यात उठते. मालक आपल्या ट्रॅक्टरबद्दल बोलताना इतके रंगतात त्याचे एक मूळ या अर्ध्या तासात आहे. काय बिघडले होते, आपण काय केले आणि त्यामुळे काय झाले, ही साखळी डोळ्यांना दिसते.

वेगवेगळ्या मालकांची पसंती पाहिली की हीच गोष्ट वेगवेगळ्या रूपांत पुढे येते. व्हील हॉर्सचे भक्त आधी बोलतात ते त्याच्या मागच्या पेटीबद्दल. इंडियानातल्या साउथ बेंड इथे १९४६मध्ये सेसिल पाँड यांनी ही कंपनी उभी केली, आणि पुढे गिअर व डिफरन्शियल एकाच बिडाच्या पेटीत घालणारी युनि-ड्राइव्ह नावाची जोडणी स्वतःच बनवली. ती पेटी वर्षानुवर्षे मॉडेल बदलली तरी थोड्याफार फरकाने तीच राहिली, त्यामुळे एका यंत्राचा भाग दुसऱ्याला लागतो. केसचे चाहते याच्या अगदी उलट टोकाचे कारण सांगतात आणि तेवढ्याच अभिमानाने: त्यांच्या ट्रॅक्टरला चाके फिरवायला पट्टाच नाही. इंजिन एक हायड्रॉलिक पंप फिरवते, तेल नळीतून मागे जाते, तिथे हायड्रॉलिक मोटर चाकांना गती देते. एक दांडा पुढे केला की पुढे, मागे केला की मागे. शिवाय त्याच तेलावर नांगरटीचा रोटाव्हेटर फिरवता येतो, लाकडे फोडायचे यंत्र चालवता येते. ग्रेव्हलीचे लोक तर पट्टा या शब्दालाच नाक मुरडतात. वेस्ट व्हर्जिनियातल्या बेंजामिन ग्रेव्हली या छायाचित्रकाराने १९१६मध्ये आपल्या मोटरनांगराचे पेटंट घेतले होते. त्याच्या कंपनीने पुढे इंजिनापासून अवजारापर्यंत सगळे गिअरनेच चालवण्याचा हट्ट धरला आणि बसायच्या ट्रॅक्टरांपर्यंत तो नेला. कब कॅडेटवाल्यांचे पुन्हा निराळे: पहिल्या मॉडेलनंतर आलेल्या ७० आणि १०० क्रमांकांपासून इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये सरळ शाफ्ट आहे, मोटारगाडीसारखा, आणि क्लच पायाखाली. चौघांची यंत्ररचना चार प्रकारची, पण वाखाणणीचा सूर एकच. शक्ती कुठून निघते, कुठून जाते आणि कुठे पोचते हे बोट ठेवून दाखवता येते, आणि त्या वाटेवरचा प्रत्येक तुकडा सुटा काढता येतो.

इथे कोणी म्हणेल की हा निव्वळ पंथाभिमान आहे. हिरव्याला पिवळे आवडत नाही, लालाला हिरवे खपत नाही, आणि यंत्ररचनेची कारणे मागाहून शोधलेली आहेत. रंगाचा अभिमान आहे हे कबूलच. जॉन डियरने १९६९मध्ये पॅटिओ नावाची मालिका काढली: अंग पांढरे, आणि बॉनेट व आसन लाल, नारिंगी, पिवळे किंवा निळे, बाईसाहेबांच्या अंगणाला शोभेल असे. गिऱ्हाइकांनी नाक मुरडले. न खपलेली यंत्रे काही विक्रेत्यांनी पुन्हा हिरवी रंगवून विकली असे सांगतात. आज तीच पॅटिओ यंत्रे दुर्मीळ म्हणून चढ्या भावाने जातात. विनोद असा की त्यांच्या आतले यंत्र शेजारच्या हिरव्यासारखेच आहे. पण पंथाभिमानाने सगळे उलगडत असते तर मालकांनी आपल्या यंत्राचे दोष झाकले असते. ते तसे करत नाहीत. उलट दोषांची माहिती हीच त्यांच्यात विद्वत्तेची खूण आहे. के २४१पासून वरच्या कोहलर इंजिनांत कंपन कमी करण्यासाठी क्रँककेसमध्ये दोन बॅलन्स गिअर बसवलेले असत. त्यांचे बेअरिंग झिजले की ते गिअर आतच तुटत आणि कधीकधी ब्लॉकला भोक पाडून बाहेर येत. म्हणून इंजिन खोलले की अनुभवी मालक ते काढून बाजूला ठेवतो आणि थोडे जास्त कंपन पत्करतो. जॉन डियरच्या ३१७मध्ये १९७९पासून कोहलरचे केटी १७ हे दोन सिलिंडरांचे इंजिन आले. त्यात कनेक्टिंग रॉडपर्यंत तेल पुरेशा दाबाने पोचत नसे, उतारावर काम केले की रॉड जाई. दुसऱ्या आवृत्तीत कंपनीने पूर्ण दाबाचे वंगण दिले. हे सगळे ३१७चे मालकच सांगतात, आणि त्याच दमात आपला ३१७ का विकणार नाही हेही सांगतात. आंधळ्या प्रेमाला ही भाषा येत नाही. दोष ठाऊक असणे, त्याचे कारण ठाऊक असणे आणि त्यावरचा उपाय आपल्या हातात असणे, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की दोषसुद्धा मालकीचा भाग होतो.

याहून वजनदार आक्षेप दुसरा आहे. जे वाचले तेवढेच आपल्याला दिसते. १९६०च्या दशकात बनलेल्या यंत्रांतली कितीतरी भंगारात गेली, वितळली, विसरली गेली. जी उत्तम बनली होती ती उरली, आणि त्यांवरून आपण म्हणतो की जुने ते सगळे दणकट होते. हा आक्षेप बरोबर आहे आणि ‘पूर्वी वस्तू कशा मजबूत असत’ असे सरसकट म्हणणाऱ्याला तो गप्प करतो. पण उरलेल्या यंत्रांकडे जवळून पाहा. त्यांतले क्वचितच एखादे हात न लागता उरले आहे. बोअर झालेला सिलिंडर, बदललेल्या रिंगा, वेल्डिंग केलेला डेक, तिसऱ्यांदा घातलेले ऑइल सील, कुठल्या तरी दुसऱ्याच मॉडेलचे पुढचे चाक. म्हणजे ही यंत्रे मोडली नाहीत म्हणून टिकलेली नाहीत. मोडल्यावर जोडता आली म्हणून टिकली. काळाने चाळणी लावली असेल तर ती दणकटपणाची नव्हती, दुरुस्तीयोग्यतेची होती, आणि माझे म्हणणे नेमके तेच आहे. याची उलट बाजूही तपासता येते. आज मोठ्या साखळी दुकानांत मिळणाऱ्या स्वस्त यंत्रांत मागचा हायड्रोस्टॅटिक ट्रान्सअ‍ॅक्सल बहुधा बंद पेटीचा असतो. कित्येकांना तेल बदलायला बूचदेखील नसते. ते यंत्र काही वर्षे अतिशय सुरळीत चालते, जुन्यापेक्षा शांत आणि सोपे. मग चढावर दम टाकू लागते. तेव्हा मालकापुढे दोनच वाटा उरतात, अख्खी पेटी बदलायची किंवा यंत्र सोडायचे. आणि पेटीची किंमत ऐकली की बहुतेक जण दुसरी वाट धरतात. या यंत्राने आपले काम चोख केले, पण त्याची ओळख करून घ्यायला मालकाला कधी कारण मिळाले नाही.

आठवणींच्या स्पष्टीकरणाचे अपुरेपणही याच ठिकाणी उघडे पडते. गतकाळाची ओढ असणारा माणूस वस्तू जशीच्या तशी ठेवतो. काही संग्राहक तसे करतात, मूळ छटेचा रंग आणि मूळ अक्षरांचे स्टिकर शोधत हिंडतात, आणि त्यांच्या कामात बारकाई असते. पण रोज काम करणाऱ्या यंत्रांचे मालक पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवतात, पुढचे दिवे एलईडीचे करतात, दमलेले इंजिन काढून त्या जागी आजचे आयात केलेले इंजिन बसवायला कचरत नाहीत. वडिलांच्या स्मृतीला जपणारा असे करील का? जे जपले जाते आहे ते यंत्राचे रूप नाही, त्याचे मोकळेपण आहे. बिडाची पेटी आणि जाड चौकट यांवर काहीही बसवता येते म्हणून तर पन्नास वर्षांपूर्वीच्या ट्रॅक्टरला आजचे इंजिन लागते.

कंपन्यांचा इतिहास या मोकळेपणाचे मोल दाखवून देतो. व्हील हॉर्स १९७४मध्ये अमेरिकन मोटर्सने घेतली, १९८६मध्ये ती टोरोकडे गेली, आणि पुढे ते नावही पुसले गेले. इंटरनॅशनल हार्वेस्टरने १९८१मध्ये कब कॅडेटचा धंदा एमटीडीला विकला. खुद्द इंटरनॅशनल हार्वेस्टरचा शेतीविभाग १९८५पर्यंत हातचा गेला होता. केसने गार्डन ट्रॅक्टर १९८३मध्ये जॅक इंगरसॉल यांना दिले. अ‍ॅलिस-चामर्सचा शेतीधंदा १९८५मध्ये जर्मन मालकांकडे गेला. ज्या यंत्राला फक्त कंपनीच ओळखते ते कंपनीबरोबर मरते. ही यंत्रे पोरकी झाली आणि तरी जगली, याचे कारण त्यांचे सुटे भाग साधे होते: बाजारात मिळणाऱ्या मापाचे बेअरिंग, कुठेही मिळणारा पट्टा, कोणत्याही लेथवर वळवता येणारा शाफ्ट, आणि प्रत्येक नटबोल्ट सुटा काढून दाखवणारी चित्रे असलेली जाड मॅन्युअले. ती मॅन्युअले मालकांनी जपली, त्यांच्या प्रती काढून वाटल्या. कंपनीने सोडलेले काम असे गिऱ्हाइकाने उचलले. आज शेतीच्या मोठ्या ट्रॅक्टरांबाबत अमेरिकेत जो झगडा चालला आहे तो याच्या शेजारी ठेवून पाहावा. बिघाड कशात आहे हे सांगणारे सॉफ्टवेअर शेतकऱ्याला मिळावे की नाही, यावर जानेवारी २०२३मध्ये जॉन डियरला अमेरिकन फार्म ब्युरो फेडरेशनशी लेखी समझोता करावा लागला, आणि त्याच वर्षी कोलोरॅडो राज्याने शेतीयंत्रांच्या दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला. परसातल्या जुन्या ट्रॅक्टराच्या मालकाला हा हक्क कोणाकडे मागावा लागला नाही. तो दोन स्क्रूंच्या झाकणाखालीच होता.

दोन आक्षेपांना मात्र उत्तर नाही, आणि ते देण्याचा आव आणू नये. पहिला सुरक्षेचा. या काळातल्या बऱ्याच यंत्रांत आसनावरून माणूस उठला की पाते आपोआप थांबवणारा स्विच नाही. डेकवरची झाकणे अपुरी, उलटले तर डोक्यावर काहीच संरक्षण नाही. लहान मुलाला मांडीवर घेऊन ट्रॅक्टर चालवण्याचे जे चित्र गोड वाटते ते धोक्याचे चित्र आहे, आणि आठवणीत आहे म्हणून ते सुरक्षित होत नाही. काही मालक आसनाखाली स्विच बसवून घेतात, सगळ्यांनी बसवावा. दुसरा आक्षेप धुराचा. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेचे लहान पेट्रोल इंजिनांसाठीचे पहिले नियम १९९७च्या मॉडेलांपासून लागू झाले. त्याआधीचे बाजूच्या व्हॉल्व्हचे इंजिन तासाला आजच्या इंजिनापेक्षा पुष्कळ जास्त न जळलेले इंधन हवेत सोडते. वर्षाला मोजके तास चालणारे यंत्र आणि नवे बनवण्यात जाणारे पोलाद असा हिशेब मांडून यातून सुटता येते असे काहींना वाटते. तो हिशेब मला पटत नाही. जुने इंजिन घाण करते, एवढे मान्य करून पुढे जावे. ज्याला फक्त गवत कापायचे आहे, यंत्राशी काही देणेघेणे नको आहे, त्याने नवेच घ्यावे. ते स्वस्त पडते, समतल कापते आणि मुलांच्या घरात जास्त सुरक्षित असते. आणि ज्याला जुन्यासारखे जड, नांगर ओढणारे नवे यंत्र हवे त्यालाही ते मिळते, फक्त त्याची किंमत जुन्या मोटारगाडीच्या किमतीशी बोलू लागते.

आपल्याकडे हा ट्रॅक्टर आला नाही, कारण त्याला लागणारी हिरवळ आणि बर्फ दोन्ही इथे नाहीत. पण ज्या कंपनीने कब कॅडेट बनवला तिचा हात महाराष्ट्रातही होता. महिंद्र आणि महिंद्र, व्होल्टास आणि इंटरनॅशनल हार्वेस्टर यांनी मिळून १९६३मध्ये इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया काढली, आणि कांदिवलीच्या कारखान्यातून बी-२७५ हा ट्रॅक्टर निघू लागला. असे ट्रॅक्टर दुरुस्त करणारा गावाकडचा फिटर आणि आपला जुना गार्डन ट्रॅक्टर चालता ठेवणारा इंडियानातला एखादा निवृत्त कामगार यांची कामे एकसारखी दिसतात, पण त्यांना एका माळेत ओवणे बरोबर नाही. आपला फिटर दुरुस्ती करतो ती नवे घेणे परवडत नाही म्हणून, हंगाम थांबत नाही म्हणून. अमेरिकन मालकाला नवे परवडते. त्याच्यासाठी दुरुस्ती ही निवड आहे, आणि म्हणूनच तिची कारणे विचारण्यात अर्थ आहे. श्रीमंत देशातला छंद म्हणून त्याकडे हसून पाहता येईल. पण यात पैसा उडवण्याचा छंद क्वचितच दिसतो. यांतले बरेचसे ट्रॅक्टर कोणी तरी अंगणाच्या कोपऱ्यात गंजत ठेवलेले, फुकटात किंवा भंगाराच्या भावाने उचललेले असतात. खर्ची पडते ती संध्याकाळ.

या सगळ्या म्हणण्याची खरी परीक्षा आता होते आहे, आणि ती जॉन डियरच्या ३१८वर. १९८३ ते १९९२ या काळात निघालेला हा ट्रॅक्टर आज मालकांच्या सर्वांत लाडक्यांपैकी एक: ओनान कंपनीचे दोन सिलिंडरांचे गुळगुळीत चालणारे इंजिन, हायड्रोस्टॅटिक चाल, हायड्रॉलिकवर उचलली जाणारी अवजारे, पॉवर स्टिअरिंग. चौकट आणि मागची बाजू एवढी जड की अजून पंचवीस वर्षे सहज जातील. पण ओनानचे हे इंजिन आता बनत नाही. त्याचे भाग वर्षागणिक महाग आणि दुर्मीळ होत आहेत. कोहलरच्या के मालिकेचे पिस्टन अजून दुसऱ्या कारखान्यांकडून मिळतात, ओनानच्या बाबतीत ती सोय तेवढी नाही. त्यामुळे ३१८चे मालक दोन गटांत विभागले आहेत. एक गट चांगल्या स्थितीतले मूळ इंजिन हुडकून वाट्टेल ती किंमत मोजतो. दुसरा गट नवे व्ही-ट्विन बसवतो. त्यासाठी खालची पट्टी बदलावी लागते, शाफ्टची जोडणी नव्याने वळवावी लागते, सायलेन्सर बॉनेटच्या बाहेर काढावा लागतो, आणि झाकण पूर्वीसारखे मिटत नाही. माझा कल दुसऱ्या गटाकडे आहे हे वरच्या विवेचनावरून वाचकाने ओळखलेच असेल. पण पहिल्या गटाचे एक म्हणणे मला खोडता आलेले नाही: ओनानचा आवाज गेला की ज्यासाठी हा ट्रॅक्टर घेतला त्यातले अर्धे गेले, असे ते म्हणतात, आणि त्या आवाजाला यंत्ररचनेत कुठलेही काम नाही.